सुर्वेकाका आणि आभाळाचा डाग

सुर्वेकाकांनी माझ्या आधी माझ्या फ्रिजशी ओळख करून घेतली. बडोद्यात तरसालीच्या त्या सोसायटीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी हमालांनी टेम्पोतून फ्रिज उतरवून जिन्यापाशी टेकवला होता. तेवढ्यात वरून पांढरी बंडी आणि खाकी हाफ पँट घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ उतरले. त्यांनी उजवा हात पालथा करून फ्रिजच्या पाठीला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आडवा आणलात." मी म्हटलं, हो, टेम्पोत उभा मावत नव्हता. "मग आता दोन तास उभा राहू दे. तेल खाली बसेल, मग चालू करा." एवढं बोलून ते आल्या पावली वर गेले. नाव नाही, गाव नाही. बरोबर दोन तासांनी पुन्हा खाली आले, स्वतःच्या हातानं बटण दाबलं, पुन्हा पालथा हात लावला आणि मग कुठं म्हणाले, "मी सुर्वे. वर राहतो."

काकांनी उभी हयात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात थंडाव्याची यंत्रं सांभाळण्यात घालवली होती. निवृत्त झाले तरी हात काही निवृत्त झाला नव्हता. भेटेल त्या वस्तूला पालथा हात लावून तिचं तापमान सांगायचं ही त्यांची सवय. चहाचा कप, स्कूटरची सीट, देवळातली घंटा, आजारी माणसाचं कपाळ, सगळ्यांना एकच न्याय. एकदा सोसायटीच्या सत्यनारायणात त्यांनी प्रसादाच्या शिऱ्यालाही हात लावून पाहिला, तेव्हा भटजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता. काका म्हणाले, "वाटा आता. निवला."

त्यांचं एक वाक्य होतं, ते सोसायटीतल्या पोराटोरांनासुद्धा पाठ होतं. "थंडी नावाची वस्तूच नाही. असते ती गरमी. ती इथून काढायची आणि दुसरीकडे टाकायची. कुठं टाकायची ते आधी ठरवा." हे ते फ्रिजबद्दल सांगत, एसीबद्दल सांगत आणि माणसांबद्दलही सांगत. माझं आणि सासूबाईंचं वाजलं की भांड्यांचा आवाज वरपर्यंत जायचा. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून काका म्हणत, "वैशालीबेन, गरमी दाबू नका. पण घरात सोडू नका. सोसायटीला दोन फेऱ्या मारा." मी घरी मराठी बोलणारी, देशस्थांकडची मुलगी, पण बडोद्यात कुणीही कुणाचीही बेन होते. फेऱ्यांनी माझं वजन चार किलो उतरलं, सासूबाई मात्र होत्या तिथंच राहिल्या.

काकांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. त्या पणजोबांची कमाई म्हणून घरात खोगिराची एक लोखंडी रिकीब होती आणि "आमच्या घराण्यात माघार नाही" हे वाक्य होतं. रिकीब दाराला अडसर म्हणून वापरली जायची. वाक्य काका एरवी वापरत, फक्त सुमनकाकू स्वयंपाकघरातून "अहो" म्हणाल्या की त्यांना ते आठवत नसे.

सुमनकाकू म्हणजे बुटक्या, गोल आणि नजरेच्या पक्क्या. तांदूळ निवडण्यात त्यांचा हात धरणारं बडोद्यात कुणी नव्हतं. सोसायटीतल्या निम्म्या बायका वर्षाचे तांदूळ भरले की काकूंना नुसतं बघायला बोलवत. काकू सुपात बोट फिरवायच्या आणि आम्ही तीन वेळा निवडलेल्यातून सात खडे काढून दाखवायच्या. वर म्हणायच्या, "मी दिसतं तेवढंच मानते, आणि मला सगळं दिसतं."

आता या दोघांचं जे भांडण होतं, ते चाळीस वर्षांचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात दोघं अगाशीत झोपायची. अगाशी म्हणजे गच्ची, बडोद्यात आम्ही गच्ची म्हणत नाही. काकांनी नव्या नवरीला दक्षिणेकडे, खाली, एक फिकट पांढरा ठिपका दाखवला आणि सांगितलं की तो एक तारा नाही, लाखो ताऱ्यांचा गोळा आहे, ओमेगा सेंटॉरी म्हणतात त्याला, नरतुरंग नावाच्या नक्षत्रात असतो. नरतुरंग म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा घोडा, त्यामुळे काकांना तो घरातलाच वाटायचा. काकू म्हणाल्या, तुमच्या चष्म्यावर डाग आहे. त्यांनी काकांचा चष्मा काढून घेतला, पदरानं पुसला आणि पुन्हा त्यांच्या नाकावर बसवला. ठिपका तिथंच होता. तेव्हा काकू म्हणाल्या, "मग आभाळाला डाग आहे. झोपा."

ही गोष्ट दोघंही सांगत आणि एकमेकांना दुरुस्त करत. काकांनी नंतर पुस्तकं आणली, दुर्बीण आणली, एकदा तर एका शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना जेवायला बोलावून त्यांच्याकडून वदवून घेतलं. काकूंनी सरांना आग्रहानं पुरणपोळ्या वाढल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणता तर असेल. पण मला डागच दिसतो." दुर्बिणीत बघितलं तर त्यांना मोठा डाग दिसला.

सगळा जन्म असा गेला. निवृत्त झाल्यावर काकांनी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका माणसाकडून त्याचा जुना कॅमेरा घेतला, घड्याळाची मोटर लावून ताऱ्यांबरोबर हळूहळू सरकणारं एक स्टँड बनवलं आणि त्या मे महिन्यात अगाशीतून ओमेगाचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला वर हाक आली. मी कणीक अर्धवट टाकून गेले. काकांचा चेहरा मुलगा बोर्डात आल्यासारखा झाला होता. कॉम्प्युटरवर काळंभोर आभाळ होतं आणि त्यात नुसते तारे, अक्षरशः मूठ उधळल्यासारखे. मला तर भरून आलं. काकूंनी चष्मा लावला, पुढं वाकल्या आणि पडद्यावर बोट फिरवायला लागल्या. मला त्या बोटाची धास्ती होती.

"हा हिरवा आहे," काकू म्हणाल्या. "हा लाल. हा निळा. हिरवा तारा आभाळात कुणी पाहिलाय का वैशाली?" मी म्हटलं मला काय कळतंय. मग त्यांचं बोट फोटोच्या कोपऱ्यात गेलं. तिथं आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा काळा गोल आला होता. काकू थांबल्या. मग अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "अहो, टाकीवर पण तारे आहेत का?"

होते. टाकीवर लाल, निळे, हिरवे असे पंधरा-वीस तारे सुखानं नांदत होते.

काकांनी हात पालथा करून कॅमेऱ्याला लावला आणि त्यांना सगळं उमगलं. बडोद्याचा मे महिना, रात्री दहालाही भिंती तापलेल्या. कॅमेरा तापला की त्याच्या आतल्या काचेवर आपोआप ठिपके उमटतात, प्रकाश पडलेला नसतानाही. दुसऱ्या कशाचा फोटो असता तर चाललं असतं, पण इथं मुळात ठिपकेच दाखवायचे होते, आणि खरे कुठले, खोटे कुठले, काही कळायला मार्ग नव्हता. तांदळात तांदळाएवढेच पांढरे खडे मिसळल्यावर काय होईल, तसं झालं. काकूंनी निकाल दिला आणि त्या आमटीला फोडणी द्यायला गेल्या.

काकांना लागलं ते. जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं थंड केलेल्या माणसाचं स्वतःचं यंत्र गरम निघालं. दोन दिवस ते कुणाच्या कपाळाला हात लावत नव्हते.

त्यात दिवाळीनंतर आमच्या दक्षिणेच्या मोकळ्या प्लॉटवर पत्रे ठोकले गेले आणि तेरा मजली टॉवरचा रंगीत बोर्ड लागला. सोसायटीत पाण्याचं कसं होणार, उजेडाचं कसं होणार यावर चर्चा झाल्या. काका अगाशीत जाऊन कंपास आणि दोरी घेऊन काहीतरी मोजत बसले आणि संध्याकाळी खाली येऊन मला म्हणाले, "नववा स्लॅब पडला की ओमेगा संपला. तो फक्त उन्हाळ्यातच दिसतो, तोही इतका खाली. येता मे महिना हातात आहे. त्यानंतर या घरातून तो पुन्हा दिसायचा नाही." मी म्हटलं दुसरीकडून काढा, गावाबाहेर जा. ते म्हणाले, "तिला गावाबाहेर कोण नेणार? गुडघे बघितलेत तिचे? आणि तिनं तो घरच्याच अगाशीतून नाकारलाय." मला पहिल्यांदा कळलं की हे काही म्हातारपणचं खूळ नव्हतं. या माणसाला आपल्या बायकोकडून एकदा, फक्त एकदा, 'हो' ऐकायचं होतं.

पहिला प्रयोग फ्रिजमध्ये झाला. कॅमेऱ्याला झाकण लावायचं आणि झाकणासकट फोटो काढायचे. म्हणजे जे ठिपके उमटतील ते सगळे खोटे, मग ते खऱ्या फोटोतून वजा करायचे. आणि हे वेगवेगळ्या तापमानाला करून बघायचं म्हणून काकांनी कॅमेरा थेट काकूंच्या फ्रिजात, श्रीखंडाच्या डब्याशेजारी ठेवला. दारावर चिठ्ठी लावली, मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत: 'उघडू नये. अंधाराचे फोटो चालू आहेत.'

समोरच्या कोकिलाबेन विरजण मागायला आल्या तेव्हा चिठ्ठी दारावरून गळून सरकत फ्रिजखाली गेली होती. काकू पूजेत होत्या, त्यांनी मानेनंच घ्या म्हणून खुणावलं. कोकिलाबेननी दार उघडलं, दह्याच्या भांड्याकडे हात नेला आणि आतून 'खटक' असा आवाज आला. पुन्हा खटक. श्रीखंडामागून एक काळं तोंड त्यांच्याकडे बघत होतं. कोकिलाबेन विरजण न घेता घरी गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं की सुर्वेंचा फ्रिज येणाऱ्या-जाणाऱ्याचे फोटो काढतो. त्यानंतर कितीतरी दिवस त्या काकूंकडे आल्या की फ्रिजसमोरून जाताना पदर सारखा करायच्या.

फ्रिज अगाशीत नेता येत नाही हे काकूंनी निक्षून सांगितल्यावर काका स्वतःच्या पद्धतीकडे वळले. मोडीत निघालेल्या पाण्याच्या मशीनमधून त्यांनी खाऱ्या बिस्किटाएवढी एक चौकोनी चकती काढली. तिला वीज दिली की एक बाजू बर्फासारखी गार होते आणि दुसरी तव्यासारखी तापते. गार बाजूला तांब्याची जाड पट्टी, पट्टी कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटवलेली, आणि सगळ्याला थर्माकोलचा अंगरखा. राहिली तापलेली बाजू. "कुठं टाकायची ते आधी ठरवा," काका स्वतःशीच पुटपुटत अगाशीत येरझाऱ्या घालत. पंखा लावून पाहिला, पण उन्हाळ्याची हवाच गरम, ती काय गार करणार कपाळ. टाकीचं पाणी पाहिलं, त्यात तर दुपारी भात शिजला असता. शेवटी एके दिवशी काकूंनी त्यांना प्यायला पाणी दिलं आणि काकांनी पेल्याला पालथा हात लावला. पाणी माठातलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ते कुंभाराकडून नवा माठ घेऊन आले. त्याला ओला लाल कपडा गुंडाळला, मत्स्यपेटीतला छोटा पंप आत सोडला आणि दोन बारीक नळ्या माठातून चकतीपर्यंत आणि चकतीपासून माठापर्यंत नेल्या. चकतीची गरमी पाण्यात, पाण्याची माठात, माठाची ओल्या कपड्यात आणि तिथून उघड्या हवेत. "पाझरतो ना तो, म्हणून गार राहतो," काका मला समजावत होते. "मी जन्मभर कॉम्प्रेसर लावले वैशालीबेन, आणि उत्तर घरातल्या तिवईवर होतं." लाल कपड्यातला गुरगुरणारा माठ अगाशीच्या कोपऱ्यात पाहून कोकिलाबेननी दुसऱ्या दिवशी त्यावर जास्वंदीचं फूल वाहिलं. काकांनी ते काढलं नाही.

कॅमेरा गार झाला. इतका गार झाला की त्याला घाम फुटला. काचेवर दव साचलं आणि फोटोत नुसतं धुकं आलं. मग काका ओल शोषणारे दाणे जमवायच्या मागे लागले, ते नव्या बुटांच्या खोक्यात आणि औषधांच्या बाटल्यांत पुड्यांमध्ये असतात ना, ते. सोसायटीतल्या प्रत्येक घरी जाऊन त्यांनी पुड्या मागितल्या. ते पांढरे, गोल, चकचकीत दाणे कढईत मंद आचेवर भाजून, वाळवून, घट्ट झाकणाच्या एका स्टीलच्या डब्यात भरले. आणि घट्ट झाकणाचा डबा ठेवायची त्यांच्या मते योग्य जागा म्हणजे काकूंची फळी.

पुढचं माझ्याकडून झालं, ते मी लपवत नाही. संकष्टी होती, काकू फत्तेगंजला बहिणीकडे अडकल्या होत्या, त्यांचा मला फोन आला की वर जाऊन साबुदाणा तेवढा भिजत घाल. मी वर गेले, चष्मा खालीच राहिला होता, फळीवरचा डबा काढला, दाणे पातेल्यात ओतले आणि पाणी घातलं. पातेलं तडतडायला लागलं. गॅस बंद, पाणी गार, आणि साबुदाणा पातेल्यात फुटत होता, उडत होता, टणटण आवाज करत होता. मी झाकण टाकून मागं सरले आणि रामरक्षा सुरू केली. काका अगाशीतून धावत आले, त्यांनी झाकण उचलून पाहिलं आणि कपाळाला हात लावला, या खेपेला सुलटा. मला वाटलं माझी काळजी वाटली असेल, खाल्लं असतं तर काय झालं असतं म्हणून. ते म्हणाले, "तीन दिवस वाळवले होते हो मी."

दाणे पुन्हा जमवण्यात पंधरा दिवस गेले. तोवर मे निम्मा संपला आणि टॉवरचा आठवा स्लॅब पडला. काका रोज सकाळी दात घासत अगाशीत उभे राहून नवव्याच्या सळया बघत. सगळं तयार होतं, कॅमेरा गार, काच कोरडी, माठ पाझरतोय, आणि आता नवीनच पंचाईत उभी राहिली. उन्हामुळे कामगार दिवसा स्लॅबचं काम करत नव्हते, ते रात्री करायचे, आणि त्यासाठी आठव्या मजल्यावर दोन भलेमोठे हॅलोजन लावलेले. ते बरोबर ओमेगाच्या खाली पेटायचे. आभाळ सगळं दुधासारखं पांढरं व्हायचं.

काका दुपारी साइटवर गेले. मी बाल्कनीतून बघत होते. सुपरवायझर त्यांना हातानंच जा जा म्हणत होता. त्याचंही बरोबर होतं, एक हाफ पँटवाला म्हातारा येऊन लाइट बंद करा म्हणतो, तारे बघायचे आहेत म्हणतो, तर कोण ऐकेल? काका परत फिरले. फिरताना गेटपाशी कामगारांसाठी ठेवलेलं पाण्याचं कूलर दिसलं, आणि सवयीनं पालथा हात लागलाच. कूलर गरम होतं. त्यातलं पाणी पिऊन पोरं तोंड वाकडं करत होती. काका घरी आले, पेटी घेतली, पुन्हा गेले आणि कुणाला न विचारता कूलर उघडून बसले. संध्याकाळपर्यंत त्यातून गार पाणी यायला लागलं. पहिला पेला सुपरवायझरनं प्यायला, दुसराही त्यानंच प्यायला, आणि मग विचारलं, "काका, केटलो टाइम जोइए लाइट बंद?"

रात्री दहाला चहाची सुट्टी लांबवून त्यानं वीस मिनिटं हॅलोजन बंद ठेवले. आम्ही खालच्या जिन्यात उभे होतो, मी, आमचे हे आणि कोकिलाबेन. वर येऊ नका, पावलांनी अगाशी हलते, असं काकांनी बजावलं होतं. माठाची गुरगुर तेवढी ऐकू येत होती. काकू घरात टीव्हीसमोर बसल्या होत्या, पण टीव्हीचा आवाज त्यांनी बंद केला होता. चौथ्या दिवशी नववा स्लॅब पडला.

फोटो कॉम्प्युटरवर बघायला काकूंनी नकार दिला. पडद्यावर काहीही दाखवतात, कागदावर आणा म्हणाल्या. काका फत्तेगंजच्या एका स्टुडिओत मोठी प्रत काढायला देऊन आले. ती आली तेव्हा मीही होते तिथं बघायला. काकांनी गुंडाळी उलगडली आणि त्यांचा चेहरा उतरला. काळ्या कागदाच्या मधोमध एक गुळगुळीत पांढरा धब्बा होता, बाकी काही नाही. स्टुडिओवाल्यानं मोठ्या प्रेमानं, जादा पैसे न घेता, फोटोवरचे सगळे 'डाघा' साफ करून दिले होते.

काकू वाकून बघत म्हणाल्या, "हाच. अगदी हाच. मी चाळीस वर्षं काय सांगतेय?"

काकांना मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. "आमच्या घराण्यात माघार नाही," एवढंच म्हणाले आणि स्कूटर काढून भर दुपारी फत्तेगंजला परत गेले. स्टुडिओवाल्याच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि एकही ठिपका पुसला तर बघ असं बजावून दुसरी प्रत काढून घेतली.

काकूंनी ती प्रत सुपात ठेवली. खरंच सुपात, तांदळाच्या. खिडकीजवळ उजेडात पाट मांडून बसल्या, चष्मा पुसला आणि डाव्या कोपऱ्यापासून बोट फिरवायला सुरुवात केली. मध्ये गोळा होता, कडेला सुटे सुटे तारे, आत जावं तसे दाट होत गेलेले, इतके दाट की बोटाखाली शे-दीडशे यावेत. टाकीचा काळा गोल या फोटोतही होता. बोट टाकीवर गेलं. टाकी कोरी होती. काका दाराला टेकून उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात, सुलटे-पालथे कसेही, नुसते लोंबत होते. अर्धा तास तरी गेला असेल. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, काकू उठल्या नाहीत, शेवटी मीच जाऊन गॅस बंद केला.

मग काकूंनी चष्मा काढला.

"निवडून झालं," त्या म्हणाल्या. "एक खडा नाही."

काकांनी पुढं येऊन फोटोला पालथा हात लावला, का ते त्यांनाच ठाऊक, आणि मग तोच हात काकूंच्या डोक्यावर ठेवला. काकू म्हणाल्या, "आधीच नीट दाखवलं असतंत तर एवढी वर्षं भांडायला लागलं नसतं." मी मुकाट्यानं खाली आले आणि जिन्यात उभी राहून रडले. मला लाज नाही वाटत सांगायला.

त्या पावसाळ्यानंतर आमचं निजामपुऱ्याला जायचं ठरलं. फ्रिज टेम्पोत चढवताना काका होतेच, या वेळी उभा बांधून घेतला त्यांनी. त्यानंतर जाणं कमी झालं. शहर एकच, पण तरसाली ते निजामपुरा म्हणजे आमच्याकडे परगावच. गेल्या मे महिन्यात काकूंचा सोऱ्या परत द्यायला म्हणून एका संध्याकाळी गेले, तर त्यांच्या दाराला कुलूप. अगाशीत डोकावले, दक्षिणेला आता फक्त टॉवर दिसत होता, मजल्यावर मजले, गॅलऱ्यांतून वाळत घातलेले टॉवेल. कोकिलाबेन दारात भेटल्या. त्यांच्या मुलीनं त्याच टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर, पलीकडच्या बाजूला घर घेतलंय, दक्षिणेची गॅलरी. काका-काकू तिथंच निघालेत, आत्ताच उतरले, असं त्या म्हणाल्या. आपणच मुलीला सांगून परवानगी मिळवून दिली, एका अटीवर, की तिच्या फ्रिजला हात लावायचा नाही.

मी गेटपर्यंत पळत गेले. रस्त्यापलीकडे टॉवरच्या फाटकात ती दोघं उभी होती. काकांच्या खांद्यावर लाल कपड्यातला माठ, हातात थर्माकोलची पेटी. मागं काकू, एका हातात स्टँड, दुसरा हात गुडघ्यावर. वॉचमन रजिस्टर पुढं करून विचारत होता, काय काम आहे, माठात काय आहे, पेटीत काय आहे. काका बिचारे समजावू लागले, नरतुरंगापासून सुरुवात केली त्यांनी. तेव्हा काकू पुढं झाल्या, स्टँड त्याच्या टेबलावर ठेवलं आणि आमच्या बडोद्याच्या गुजरातीत म्हणाल्या, "भाई, अमारो थोडो सामान तमारी बिल्डिंगनी पाछळ रही गयो छे. जोईने आवीए."

थोडं सामान म्हणे, त्याच्या बिल्डिंगच्या मागं राहिलेलं, ते बघून येतो. वॉचमननं रजिस्टरमध्ये तेच लिहून घेतलं आणि फाटक उघडलं. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. काकांनी लिफ्टच्या दाराला सवयीनं पालथा हात लावला, काकूंनी त्यांना आत ढकललं, दार मिटलं आणि वरचा लाल आकडा एक-एक करत चढत नवावर जाऊन थांबला.